कानाचं माप

वर्ध्यात कानाचं माप द्यायला येणारी माणसं आजवर बहुतेक एकाच वाटेनं आली. ऐकू कमी यायला लागलेले म्हातारे आईबाप आणि त्यांना हाताला धरून आणणारी सून किंवा नातू. त्यांच्या बाजूला, बहिरेपण नुकतंच कळलेलं दोन-तीन वर्षांचं मूल आणि त्याची गोंधळलेली आई. आता याच बाकावर अधूनमधून तिसराच कुणी येऊन बसतो. त्याला चांगलं ऐकू येतं. तो आर्केस्ट्रात गातो, १४ एप्रिलच्या रात्री भीमगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्डवर असतो, नवरात्रात दुर्गेच्या मंडपात ऑक्टोपॅड वाजवतो. मंचावर स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्याला कानात घालायचे मॉनिटर हवे असतात, तेही त्याच्याच कानाच्या आकाराचे.

तिघांच्या कानात जाते ती एकच सिलिकॉनची पेस्ट. माप घेणारा हात एकच, पद्धत एकच. तरीही कानाचा साचा म्हणजे बहिऱ्या माणसाची वस्तू, असं आपल्याकडे धरून चाललेलं आहे. ज्याला ऐकू येतं त्याचा त्याच्याशी काय संबंध? हा समज मला घातक वाटतो. आपल्या जिल्ह्यात जी माणसं रोज मोठ्या आवाजात पोट भरतात, त्यांच्यापर्यंत ही साधी कला पोचत नाही, त्याचं मूळ या समजात आहे. आणि ज्या मुलांसाठी ती आहे, त्यांच्यापर्यंतही ती पुरेशा वेळा पोचत नाही. ते तर अधिकच वाईट.

आधी कानाकडे बघू. बाहेर दिसतो तो पाळीसकटचा भाग, त्याच्या मध्यावरची खोलगट जागा, आणि तिथून पडद्यापर्यंत जाणारी नळी. मोठ्या माणसात ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते. तिला दोन वळणं असतात. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा. तिथं केस असतात, मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि तो भाग थोडा दबतो. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. त्यावरची कातडी इतकी पातळ की कापसाची काडी लागली तरी डोळ्यांत पाणी येतं. नळीच्या पुढच्या भिंतीला लागूनच जबड्याचा सांधा आहे. त्यामुळे आपण बोलतो, चावतो, जांभई देतो तेव्हा दरवेळी नळीचा आकार थोडा बदलतो. एका माणसाचा डावा आणि उजवा कानही एकमेकांसारखे नसतात. दुकानातल्या इअरफोनबरोबर येणारी लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणं काहींना बसतात आणि बाकीच्यांच्या कानातून घसरत राहतात, ती यामुळेच.

माप घ्यायचं काम ऑडिओलॉजिस्टचं. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करून, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करून तो या कामाला बसतो. ही परिषद १९९२ च्या कायद्याखाली आलेली आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, ही वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालयं जवळजवळ असणं, ही वर्धा जिल्ह्याची मोठी जमेची बाजू आहे. सेवाग्रामचं महाविद्यालय १९६९ चं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षातलं. सावंगीचं १९९० चं. दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहेत. एवढ्या लहान जिल्ह्याला हे भाग्य क्वचित मिळतं.

मी भजनाला हार्मोनियमची साथ करतो. माझ्या डाव्या बाजूला टाळ असतात आणि उजवीकडे स्पीकर, त्यामुळे मीही माप दिलं. सुरुवात होते ती कानात डोकावण्यापासून. ओटोस्कोपनं नळी बघतात. मळ असेल तर आधी तो काढावा लागतो. त्यावर माप घेतलं तर साचा मळाच्या आकाराचा होतो. कानात तेल घातलेलं असेल तरी माप नीट येत नाही. आपल्याकडे थंडीत कोमट तेल कानात सोडायची सवय घरोघर आहे, म्हणून हा प्रश्न हमखास विचारतात. सर्वांत महत्त्वाची तपासणी पडद्याची. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, पूर्वी कानाचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय चांगला ऑडिओलॉजिस्ट पुढं जात नाही. पातळ सिलिकॉन छिद्रातून मध्यकर्णात गेलं आणि तिथं घट्ट झालं, तर ते काढायला शस्त्रक्रिया करावी लागते.

मग येतो स्पंजाचा किंवा कापसाचा बारीक बोळा, त्याला दोरा बांधलेला. छोट्या दिव्याच्या काडीनं तो हलक्या हातानं नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवतात. सगळ्या कामातला नाजूक भाग हाच. बोळा पडद्याचं रक्षण करतो आणि साचा किती खोल जाणार हेही ठरवतो. तो अलीकडेच राहिला तर माप आखूड येतं आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. बोळा हाडाच्या भागाशी पोचतो तेव्हा काहींना खोकला येतो. तिथल्या एका नसेमुळे असं होतं, आणि ऑडिओलॉजिस्ट त्याची सूचना आधीच देऊन ठेवतात.

यानंतर दोन रंगांचं सिलिकॉन सारख्या मापात घेऊन हातानं मळतात. पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल झालं की ते पिचकारीत भरतात आणि आतून बाहेर येत नळी भरतात, मग खोलगट जागा, मग वरची दुमड. मध्येच पिचकारी उचलली की हवेचा बुडबुडा अडकतो. गार काहीतरी आत सरकत जातं आणि त्या बाजूचं जग बंद होतं. आपला श्वास आणि आवंढा गिळल्याचा आवाज तेवढा उरतो. पाच-सात मिनिटांत सिलिकॉन घट्ट होतं. मग पाळी थोडी ओढून हवा आत जाऊ देतात आणि साचा वळवत बाहेर काढतात. बाहेर आलेली ती वेडीवाकडी आकृती हातात घेऊन मी बराच वेळ बघत राहिलो. इतकी वर्षं ज्यानं गाणं ऐकलं, तो मार्ग असा दिसतो!

गायकाचं माप वेगळं घ्यावं लागतं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ऐकण्याच्या मशीनसाठी माणूस तोंड मिटून बसला तरी बहुधा चालतं. गाणारा मात्र तोंड उघडून गातो, आणि तोंड उघडलं की नळी रुंदावते. मिटलेल्या तोंडाचा साचा तार षड्जाला सैल होतो. हवा शिरली की खर्जातले स्वर गायब होतात. म्हणून गायकाच्या दातांमध्ये ठोकळा देऊन, जबडा उघडा ठेवून माप घेतात. ज्याला मंचासाठी मॉनिटर करायचे आहेत त्यानं माप देण्याआधी हे स्वतः सांगावं. वर्ध्यातल्या दवाखान्यात शंभर मापं मशीनसाठी घेतली जातात तेव्हा एखादं गायकाचं असतं. आपण सांगितलं नाही तर समोरच्याला कळायचं कसं?

पुढचं काम प्रयोगशाळेचं. माप पार्सलनं मोठ्या शहरात जातं. तिथं ते छाटून गुळगुळीत करतात. जुन्या पद्धतीत त्याचा उलटा साचा करून त्यात अ‍ॅक्रिलिक ओततात. नव्या पद्धतीत मापाचं स्कॅनिंग करून त्रिमितीय छपाई करतात. मुलांसाठी मऊ सिलिकॉन, मोठ्यांसाठी बहुधा कडक अ‍ॅक्रिलिक. यंत्रं कितीही आली तरी माप चुकलं असेल तर पुढं काहीही सुधारत नाही. बोळा कुठं बसला आणि पिचकारी कुठं थांबली, यावर सगळं ठरतं.

आता त्या बाकावरच्या मुलाकडे वळतो. या लेखात मला सर्वांत जास्त जे सांगायचं आहे, ते त्याच्याबद्दल आहे.

कानामागे बसणाऱ्या मशीनचा आवाज बारीक नळीतून साच्यात आणि साच्यातून कानात जातो. साचा सैल असेल तर आवाज फटीतून बाहेर येतो, मशीनच्या माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कानात जातो, पुन्हा बाहेर येतो. या फेऱ्यात मशीन शिट्टी मारायला लागते. मुलाला ती सहन होत नाही, आसपासच्यांनाही नाही. आया सांगतात ते साधं असतं: ‘मशीन बोंबलते जी, मंग तो काढून फेकते.’ मग आई आवाज कमी करून ठेवते. शिट्टी थांबते, पण मुलाला जेवढा आवाज मिळायला हवा तेवढा मिळत नाही. काही दिवसांनी मशीन कपाटात जाते.

मशीन बिघडलेली नसते. मुलाचा कान वाढलेला असतो. पहिल्या वर्षात तर साचा काही आठवड्यांतच सैल होऊ शकतो. पुढंही मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत दर काही महिन्यांनी नवा साचा लागतो. बाळाच्या बहिरेपणाबाबत जगभर एक पायंडा मानला जातो: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन किंवा पुढचे उपचार सुरू. कारण भाषा शिकण्याची मेंदूची सर्वांत चांगली वर्षं हीच असतात. या वर्षांत मशीन कपाटात राहिली, तर ते नुकसान पुढं भरून काढणं फार कठीण जातं.

अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. शिबिरं भरतात, मशीन वाटल्या जातात, लोकांच्या त्या कामाला येतात. परंतु मशीन एकदा मिळते आणि साचा पुन्हा पुन्हा लागतो. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या गावातून मुलाला वर्ध्याला आणून माप द्यायचं, मग साचा आला की बसवून घ्यायला परत यायचं, यात मजुरीचे दिवस जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर आईला निघताच येत नाही. साध्या साच्याची किंमत काही शे रुपयांत असते. येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च त्याहून जास्त होतो. माझ्या मते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस मापाचा असायला हवा. पिचकारी, सिलिकॉन, ओटोस्कोप आणि एक प्रशिक्षित माणूस एवढंच त्यासाठी लागतं. माप पार्सलनं जातं, साचा पार्सलनं येतो. देशात कानाचे साचे आणि मशीनदुरुस्ती शिकवणारा पदविका अभ्यासक्रमही आहे. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रातली माणसं घडवत आहेत. आपल्या भागातल्या मुलामुलींना या शिक्षणाची माहितीच नसते. बारावीला विज्ञान घेतलेल्या आणि हातात कसब असलेल्या पोरांनी हा मार्ग बघावा.

या साच्याचं आणि गायकांच्या मॉनिटरचं नातं फार जवळचं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातली वेस्टोन ही कंपनी १९५९ मध्ये निघाली ती बहिऱ्यांच्या मशीनचे साचे करण्यासाठी. पुढं मंचावरच्या वादकांनी तिच्याकडून कानाच्या मापाचे साचे करून घ्यायला सुरुवात केली. स्टीफन अ‍ॅम्ब्रोज नावाच्या गायक-तंत्रज्ञानं सत्तरच्या दशकापासून कानात बसणाऱ्या मॉनिटरवर काम केलं. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी असे मॉनिटर तयार केले, आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. तिचे सुरुवातीचे मॉनिटर वेस्टोनच्या कारखान्यात होत असत. या मॉनिटरच्या आत असलेले तांदळाच्या दाण्याएवढे स्पीकर मूळचे ऐकण्याच्या मशीनसाठी तयार झालेले. शिकागोजवळची नोल्स कंपनी ते बनवत आली. म्हणजे आज दूरचित्रवाणीवर गायकाच्या कानात चमकणारी वस्तू कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी झालेल्या कामातून आली. आपल्या जिल्ह्यातही ती त्याच दारानं येते आहे, यात मला समाधान वाटतं.

गायक-वादकांना हे कानातले मॉनिटर का लागतात? मंचावर उभं राहून बघा. मागं ड्रम, बाजूला ढोलकी, पुढं प्रेक्षकांकडे तोंड केलेले मोठे बॉक्स. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या पायाशी मॉनिटर म्हणून तिरपा स्पीकर ठेवतात. तो ढोलकीच्या वर ऐकू यावा म्हणून आवाज वाढवतात. मग ढोलकीवाल्याला आपली थाप कळेनाशी होते. तोही आपला मॉनिटर वाढवायला सांगतो. तासाभरात सगळा मंच किंचाळत असतो. मग मॉनिटरचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत येतो, आणि शिट्टी वाजते. त्या मुलाच्या कानातली आणि मंचावरची शिट्टी होते एकाच कारणानं. उपायही तोच: आवाज नेमका कानात द्या आणि फट बुजवा.

नीट बसलेला साचा बाहेरचा आवाज साधारण २५ डेसिबलनं अडवतो. मंचावर १०० डेसिबल असतील तर कानाशी ७५ पोचतात, आणि गायक स्वतःचा आवाज ८०-८५ वर ऐकून सुखानं गाऊ शकतो. याचा अर्थ कळायला डेसिबलचा हिशोब माहीत असावा. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे. तिच्या पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. लग्नाच्या वरातीत पंधरा मिनिटांत नवरदेव घोड्यावरसुद्धा बसत नाही.

आणि वरातीपुढं जे वाजवतात त्यांचं काय? विदर्भात लग्नात ढोलांचं संदल असतं, डफडी असतात, आता डीजेही असतो. संदल वाजवणारी पोरं लग्नसराईत रोज तीन-चार तास ढोलाला लागून उभी असतात. घोराडच्या यात्रेत, सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात, गिरडच्या टेकडीवर, गणपती-दुर्गेच्या विसर्जनात, सगळीकडे हीच पोरं. भजनी मंडळातले खंजेरीवादक तर वाद्य कानाच्या उंचीवर धरून तासन् तास वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव नेलेली ही खंजेरी आमच्या भागाचा प्राण आहे. ती वाजवणाऱ्याचा कान शाबूत राहावा असं मला मनापासून वाटतं.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हे नियम शेजाऱ्यांसाठी आहेत, आणि ते पाळले जायलाच हवेत. पण वाजवणाऱ्याच्या कानाबद्दल त्यांत काही नाही. हिंगणघाटच्या गिरणीत मागावर उभ्या असलेल्या कामगारासाठी निदान कारखान्यांचे नियम झाले: आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आखली गेली, आणि आवाजामुळे येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्यात व्यावसायिक आजारांच्या यादीत आलं. संदलवाला मात्र कुणाचा कामगार नाही. त्याला सुपारी मिळते, त्याच्या कानाची नोंद कुठंच होत नाही.

आवाजानं जाणारा कान एकदम जात नाही. आतल्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मेलेल्या पेशी माणसात परत उगवत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. बोलणं ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ नीट उमगत नाहीत. कार्यक्रमानंतर रात्रभर कानात किर्र आवाज येतो, सकाळी तो जातो, आणि माणूस विसरतो. पुढं कधीतरी तो आवाज जायचा थांबतो. एक जुना ढोलकीवाला मला म्हणाला, ‘रातकिडे बसले कानात, आता निघत नाईत.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र ते ऐकून राहवलं नाही, आणि या विषयावर सविस्तर लिहायचं मी तिथंच ठरवलं.

मंचासाठीचे मापाचे मॉनिटर महाग आहेत. एकाच्या आत किती स्पीकर आहेत त्यावर किंमत ठरते, आणि ती काही हजारांपासून लाखाच्या पुढं जाते. गावातल्या आर्केस्ट्राला एवढं परवडत नाही, आणि परवडायची गरजही नाही. मधला मार्ग आहे. बाजारातले साधे मॉनिटर घ्यावेत आणि त्यांच्यावर बसणारी मापाची सिलिकॉनची टोपणं करून घ्यावीत. साच्याचा बहुतेक फायदा मिळतो. मॉनिटर बिघडला तर टोपण तेच राहतं. बिनतारी यंत्रणेचीही घाई नको. एका जागी बसणाऱ्या कीबोर्ड किंवा तबलावादकाला मिक्सरमधून तारेनं जोडलेला छोटा हेडफोन अँप्लिफायर पुरतो.

संदलवाल्यांना आणि खंजेरीवादकांना तर मॉनिटरही नकोत. त्यांना प्लग हवेत. कापसाचा बोळा जवळजवळ काहीच अडवत नाही. फोमचे प्लग नीट घातले तर चांगले अडवतात, पण वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे वादकाला सगळं गढूळ वाटतं आणि तो ते काढून टाकतो. यावर अमेरिकेतल्या इटिमॉटिक रिसर्च कंपनीनं १९८८ मध्ये संगीतकारांसाठी खास प्लग काढले. मापाच्या साच्यात एक छोटी चाळणी बसवलेली, जी सगळे स्वर सारखेच, साधारण १५ डेसिबलनं खाली आणते. टाळ टाळासारखाच वाजतो, फक्त हळू. १५ डेसिबल म्हणजे पाच वेळा तीन. वरच्या हिशोबानं पंधरा मिनिटांचे आठ तास होतात. तशाच चाळणीचे तयार, मापाविना मिळणारे प्लगही आता मिळतात आणि ते स्वस्त असतात. ज्याला काहीच जमत नसेल त्यानं निदान फोमचे प्लग पिशवीत ठेवावेत.

मॉनिटर कानात आले म्हणजे कान वाचला, असं मात्र नाही. ते साधन दुधारी आहे. बाहेरचं बंद झाल्यावरही जुन्या सवयीनं आवाज तेवढाच मोठा ठेवला, तर नुकसान तेवढंच होतं, कदाचित जास्त. सर्वांत वाईट सवय एक कान काढून गाण्याची. प्रेक्षक ऐकू यावेत म्हणून गायक एक मॉनिटर गळ्यात सोडतात. दोन्ही कानांनी ऐकताना आवाज आपल्याला अधिक मोठा भासतो. एकच राहिला की तो कमी वाटतो, आणि माणूस वाढवत जातो. उघडा कान मंचाचा मारा खातो, झाकलेला कान मॉनिटरचा. प्रेक्षक हवे असतील तर मंचाच्या कडेला एक माइक लावून तो थोडासा मिक्समध्ये घ्यावा. ध्वनितंत्रज्ञाकडून आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटर लावून घ्यावा. माइक पडला किंवा तार निसटली तर होणारा धमाका थेट पडद्यावर बसतो.

साचा पहिल्यांदा घातल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. बंद नळीत जबड्याच्या हाडातून आलेला खर्ज अडकतो म्हणून तसं होतं. साचा हाडाच्या भागापर्यंत पोचलेला असेल तर घुमणं कमी होतं. सैल साच्याची ओळखही सोपी आहे: ‘आ’कार लावून तोंड हळूहळू उघडा आणि मिटा, मध्येच मॉनिटरमधल्या तानपुऱ्याचा खर्ज पातळ झाला तर फट आहे. असा साचा परत पाठवावा, दुरुस्ती मागायला लाजू नये. पहिल्याच फेरीत सगळे साचे बसत नाहीत, आणि हे कारागिरांनाही ठाऊक असतं.

आपल्या हवेचंही बघायला हवं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. मंडपात घामानं साचा निसरडा होतो. पावसाळ्यात ओल्या कानात साचा तासन् तास राहिला की बुरशी धरते, खाज सुटते, कान दुखतो. कार्यक्रम संपला की साचे पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावेत. दुसऱ्याचे कधीही घालू नयेत. ते बसणार नाहीतच, संसर्ग मात्र होईल. मुलाच्या मशीनचा साचा नळीपासून काढून कोमट साबणपाण्यात धुता येतो, मशीन मात्र धुवायची नसते. आणि घरच्या घरी माप घ्यायचे संच ऑनलाइन मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. बोळा कुठं थांबवायचा हे स्वतःच्या कानात दिसत नाही.

दिवाळी झाली की तुळशीची लग्नं लागतील आणि संदलवाल्यांच्या तारखा भरू लागतील. ज्यांच्या घरात कुणी वाजवतं, गातं, गिरणीत काम करतं, त्यांनी सराई सुरू होण्याआधी एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या कागदाशी तो ताडून बघता येईल. मंडळांनी पुढच्या वर्गणीच्या हिशोबात वादकांच्या प्लगसाठी रक्कम धरावी. नवा बॉक्स घेण्याआधी हा खर्च करावा. आणि ज्या आईच्या कपाटात मुलाची मशीन पडून आहे, तिनं ती टाकून देऊ नये. मशीन आणि मूल दोन्ही घेऊन या आठवड्यात ऑडिओलॉजिस्टकडे जावं, नवं माप द्यावं, आणि निघताना पुढच्या मापाची तारीख कागदावर लिहून मागावी.